मी खेळणं नाही, सरावाची पेटी आहे

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी जुनी आहे. ते मी नाकारत नाही. माझं झाकण ओरखड्यांनी भरलंय, एक कोपरा उडालाय आणि उजव्या अंगाला चिकटपट्टीचे तीन थर आहेत. पण माझी कीव करायला कुणी आलं असेल, तर त्याने आल्या पावली परत जावं. मी आयुष्यभर डॉक्टरांचे हात घडवले आहेत. माझी हकीकत मी मान खाली घालून सांगणार नाही. तशी मला मान नाहीच, पण असती तरी घातली नसती.

मी कसली पेटी, ते आधी सांगते. तुमच्या आईला, आत्याला किंवा मोठ्या बहिणीला कधी पोटात गाठ झाली असेल, तर 'दुर्बिणीने ऑपरेशन केलं' हे शब्द तुमच्या कानावर पडले असतील. त्यात पोट मोठं चिरत नाहीत. बोटाच्या पेराएवढी तीन-चार भोकं पाडतात. एका भोकातून कॅमेरा आत जातो आणि बाकीच्यांतून हातभर लांब दांड्यांचे चिमटे आणि कात्र्या. डॉक्टर पोटाकडे बघतच नाहीत, समोरच्या पडद्याकडे बघतात. पेशंटला दुखतं कमी आणि ती लवकर घरी जाते.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. हात डावीकडे नेला की चिमट्याचं टोक उजवीकडे जातं. हात वर उचलला की टोक खाली. पडदा सपाट, त्यामुळे समोरची वस्तू जवळ आहे की लांब तेच उमगत नाही. चांगला शहाणासुरता डॉक्टरही पहिल्या दिवशी हवेतच चिमटा मिटतो आणि आपण काहीतरी पकडलं अशा समजुतीत राहतो.

मग हे शिकायचं कुठे? जिवंत बाईच्या पोटात? या एका प्रश्नापायी माझा जन्म झाला.

प्रश्न पडला होता एका डॉक्टरबाईंना. त्या बायकांच्या आजारांच्या विभागात शिकवायच्या. उंचीने इतक्या बेताच्या, की ऑपरेशनच्या टेबलापाशी पायाखाली स्टूल घेतल्याशिवाय त्यांचं काम व्हायचं नाही. समोर सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'स्टूलवाल्या मॅडम'. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

रुग्णालयाच्या तळघरात सुताराची खोली होती. मोडके पलंग, निखळलेली दारं, चाकं गेलेल्या खुर्च्या सगळं तिथे यायचं. एके सकाळी मॅडम पायऱ्या उतरून तिथे गेल्या आणि सुतारकाकांना म्हणाल्या, "काका, मला एक पोट बनवून द्या."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "कुणाचं, डॉक्टरबाई?"

"कुणाचंही. बाईचं. हवा भरून फुगवलेलं."

"केवढं फुगतं?"

मॅडमनी हाताने कमान दाखवली. काकांनी खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, त्यावर पट्टी धरली आणि म्हणाले, "मग मापासाठी लांब जायला नको."

अशी मी काकांच्या पोटाच्या मापाची झाले. चार भिंती पातळ प्लायवुडच्या. वर वाकवलेल्या काळ्या प्लास्टिकचं झाकण. झाकणाला सहा भोकं आणि प्रत्येक भोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर. आत दिव्याची एक पट्टी आणि एक छोटा कॅमेरा. त्याची वायर बाहेरच्या जुन्या पडद्याला जोडलेली.

"झाकण काळं कशाला? आतलं दिसायला नको का?" काकांनी विचारलं होतं.

"दिसलं तर पोरी वाकून बघतील, काका. पोटात वाकून बघता येत नाही."

काकांनी मान डोलावली आणि झाकणाच्या कडा आणखी घट्ट बसवल्या. कुणाच्या बोटात लाकडाचं कुसळ जाऊ नये म्हणून माझ्या प्रत्येक कडेवर त्यांनी तीनदा पॉलिश पेपर फिरवला. पुढे मला पुष्कळांनी पुष्कळ नावं ठेवली. पण मला कुणी घाईघाईत, कसंतरी ठोकून बनवलं असं कुणालाही म्हणता यायचं नाही.

विभागाच्या बैठकीच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर मला जागा मिळाली. पहिल्या दिवशी शिकणाऱ्या डॉक्टरांपैकी सहाजणी माझ्याभोवती जमल्या. मॅडमनी त्यांना व्याख्यान दिलं नाही. एवढंच सांगितलं, "मी पहिल्यांदा चिमटा धरला तेव्हा माझा हात थरथरला. पडद्यावर ती थरथर दहापट मोठी दिसली. ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांनी ती पाहिली. शिकवणारे म्हणाले, 'बाजूला हो.' त्यानंतर दोन वर्षं कुणी माझ्या हातात काही दिलं नाही. तुम्हाला थरथरायचं असेल, तर इथे थरथरा. इथे कुणी बाजूला हो म्हणणार नाही."

मग सुरुवात झाली. एका वाटीतले वाटाणे चिमट्याने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. मणी खुंटीवर चढवायचे. हातमोज्यावर काढलेलं वर्तुळ रेषेबाहेर न जाता कापायचं. द्राक्षाचं साल सोलायचं, द्राक्ष न फोडता. स्पंजला टाका घालून आतल्या आत गाठ मारायची. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे फुग्यातला फुगा. आतल्या फुग्यात पाणी भरलेलं. वरचा फुगा कापून सोलून काढायचा आणि आतला फुटू द्यायचा नाही. अंडाशयावरची गाठ अशीच सोडवून काढावी लागते. चूक झाली की फट् असा आवाज व्हायचा आणि माझ्या पोटात पाणीच पाणी.

किती पाणी प्यायले मी, किती वाटाणे माझ्या कोपऱ्यांत वाळून खडे झाले! चिडून कुणी माझ्या झाकणावर थापा मारल्या, कुणी माझ्यावर डोकं टेकून रडलं. थोड्याच दिवसांत पोरींनी माझं नाव 'मावशी' ठेवलं. "आज मावशीने घाम काढला." "जा, आधी मावशीच्या पोटात हात घालून ये, मग बढाया मार." विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मावशीच्या हाताखालून जावं लागे. कौतुकाचे दिवस होते ते. मला हे सांगायला लाज वाटत नाही.

पण विभागाचे प्रमुख मला 'खेळणं' म्हणत. सगळे त्यांना 'मोठे सर' म्हणायचे. पोट उघडून ऑपरेशन करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रक्ताची चिळकांडी उडाली तरी त्यांचा चेहरा हलायचा नाही. दोन बोटांत नस सापडायची आणि रक्त थांबायचं. मात्र दुर्बिणीचं ऑपरेशन ते कधी करत नसत. ते मॅडमकडे द्यायचे. "मला आपलं उघडून बघितलेलं बरं," असं म्हणायचे. आणि ऑपरेशनांच्या यादीवर कुणी काय करायचं ते ठरवायचे तेच. शिकणाऱ्या मुलींनी फक्त कॅमेरा धरायचा, हा त्यांचा दंडक होता.

"हात उपजत असावा लागतो," ते बैठकीत सांगायचे. "वाटाणे उचलून कुणी सर्जन होत नाही."

मी चार पावलांवर बसून हे ऐकायचे. वाटायचं, ओरडून सांगावं: सर, माणसाला उपजत फक्त मूठ मिटता येते, बाकी सगळं शिकावं लागतं.

अशात एक मुलगी आली. डाव्या हाताने लिहायची, म्हणून सगळ्या तिला 'डावरी' म्हणू लागल्या. पहिल्याच आठवड्यात थिएटरमध्ये तिला कुणीतरी सुनावलं, "हत्यारं उजव्या हाताची असतात. हात बदल, नाहीतर विषय बदल." ती तशीच माझ्याकडे आली. पडदा लावला, दोन्ही हातांत चिमटे घेतले आणि वाटाणे उचलू लागली. पहिल्या दिवशी वीस वाटाण्यांतले तीन वाटीत पडले. बाकीचे सतरा माझ्या पोटात सांडले. तिने झाकण उघडून एकेक गोळा केला आणि पुन्हा बसली.

रोज दुपारी वॉर्डातली कामं आटोपली की ती यायची. जेवण उभ्या उभ्या उरकून आलेली असायची. महिन्याभराने तिला एक गोष्ट कळली. बाकीच्या मुलींचा उजवा हात तयार होता, पण डावा नुसता लोंबायचा. हिचा डावा तयार होताच. उजवा तिने मुद्दाम शिकवला. दुर्बिणीच्या कामात दोन्ही हात लागतात, मित्रांनो. एकाने धरायचं, ताणायचं, दुसऱ्याने कापायचं. 'हात बदल' म्हणणाऱ्यांना तिने उत्तर दिलं नाही. तिने हात बदलला नाही, वाढवला.

मग तो दिवस आला. ती तिसऱ्या वर्षात होती. प्रत्येक शिकणाऱ्या डॉक्टरची एक नोंदवही असे. तिच्यात तीन रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. दुर्बिणीची दहा ऑपरेशनं 'स्वतः केलं' या रकान्यात असली तरच परीक्षेला बसता येई. मोठे सर बैठकीच्या खोलीत एकेक वही बघून सही करत होते. डावरीची वही हाती येताच ते थांबले.

"हा तिसरा रकाना रिकामा का?"

"मी केलं नाही म्हणून, सर."

"कॅमेरा धरलास ना?"

"धरला. तो 'मदत केली'मध्ये लिहिलाय. एकतीस वेळा."

"मग त्यातली दहा इकडे लिही. इतक्या वर्षांत सगळ्यांनी तसंच लिहिलंय. तू काय जगावेगळी लागून गेलीस?"

खोलीत पंधराएक माणसं होती. सगळ्यांनी आपापल्या वहीत डोकं घातलं. डावरीचा आवाज बारीक होता, पण तुटला नाही. "सर, उद्या मी कुठेतरी एकटी असेन. समोर टेबलावर बाई असेल. ही वही तेव्हा माझ्या काय कामाची?"

"परीक्षेला बसायचंय ना तुला?"

"बसायचंय. मला करायला द्या, सर. मी खरं लिहीन."

"पेशंटचं पोट शिकायची जागा नाही!" सरांनी टेबलावर हात आपटला.

"म्हणूनच पेटीवर शिकलेय. बघता का?"

आणि परवानगीची वाट न बघता ती माझ्यापाशी आली. फुग्यात पाणी भरलं, त्यावर दुसरा फुगा चढवला, तो माझ्या पोटात ठेवला, झाकण लावलं. पडदा सुरू केला. खोलीतले सगळे पडद्याकडे बघू लागले. मी श्वास रोखून बसले. तसा मला श्वासही नाही, पण त्या दिवशी होता. तिने डाव्या चिमट्याने वरचा फुगा अलगद उचलला. उजव्या कात्रीने केसभर चीर दिली. मग चीर वाढवत, ताणत, सोलत गेली. अकरा मिनिटं लागली. वरचा फुगा साल निघाल्यासारखा बाजूला झाला. आतला तसाच टच्च राहिला, एक थेंब सांडला नाही.

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

मोठ्या सरांनी पडद्याजवळ जाऊन आतला फुगा नीट पाहिला. मग म्हणाले, "फुग्याला रक्त येत नाही."

खरं बोलले ते. मला राग आला, पण खरं ते खरं. माझ्यात रक्त नाही, नस नाही, भूल उतरल्यावर कण्हणारं माणूस नाही. पण मी तरी कधी म्हटलं होतं, की माझ्यापाशीच सगळं संपतं? मी पहिली पायरी आहे. पहिली पायरी काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, पोरी उडी मारत नाहीत!

तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या. "सर, तिच्या वहीवर माझी सही आहे. तिने लिहिलंय ते खरं आहे."

"तुमच्या सहीने परीक्षेला बसता येत नाही, मॅडम. आणि या खोलीत बैठका होतात. हे खेळणं इथून हलवा."

"पेटी हलवा. माझी सही हलणार नाही," मॅडम म्हणाल्या.

त्याच दुपारी मला उचलून थिएटरबाहेरच्या बोळातल्या लोखंडी कपाटात कोंबलं. वर जुन्या चादरी टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली सरांनी स्वतःच्या खिशात घातली.

मित्रांनो, अंधारात राहिल्याचं मला दुःख झालं नाही. माझं पोट एरवीही अंधारंच. मला चीड आली ती शांततेची. बाहेर पावलं वाजायची, स्ट्रेचरची चाकं वाजायची आणि माझ्या आत एक वाटाणा पडत नव्हता. मी मनाशी ठरवलं, कुजायचं नाही, वाकायचं नाही, रबर कोरडं पडू द्यायचं नाही. पेटी आणखी काय करू शकते?

पंधराएक दिवसांनी दोन मुली माझ्या कपाटाला पाठ टेकून बसल्या. एक हळूच म्हणाली, "काकांनी मावशीच्या झाकणाचा पुठ्ठ्याचा साचा जपून ठेवला होता. तो बघून माझी पेटी काल झाली. तुझी?"

"माझी उद्या होईल. औषधांच्या खोक्याची करतायत. भोकं पाडली की झालं."

"म्हणजे किती झाल्या आता?"

"सात. मावशीच्या सात मुली."

कपाटात मी एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर अभिमानाने फुगलेल्या माझ्या भिंती बघून कुणाला वाटलं असतं ओल धरली. एकीला कोंडलं तर सात झाल्या! एक खोक्याची, एक मोडक्या ड्रॉवरची, एक बाळाच्या कपड्यांच्या टोपलीची. मुलींच्या विश्रांतीच्या खोलीत, वसतिगृहात, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे वाटाणे उचलणं सुरू झालं होतं. थिएटरच्या इनचार्ज सिस्टर मोठ्या आवाजात सगळ्यांना दटावत होत्या, "जुने हातमोजे कुठे जातात मला कळत नाही असं समजू नका!" आणि दुसऱ्या दिवशी जुने हातमोजे धुऊन, वाळवून, गठ्ठा बांधून स्वतःच मुलींच्या खोलीत ठेवत होत्या.

मोठ्या सरांना हे कळणार होतंच. राउंडवर असताना त्यांनी त्यातली एक पेटी पाहिली. सगळ्यांना वाटलं, आता सातही भंगारात जाणार.

पण सर माझ्याकडे आले. ऑपरेशनांची यादी संपली होती, बोळ नुकताच पुसला होता. कुलुपात किल्ली फिरली. सरांनी चादरी बाजूला केल्या, मला काखेत मारलं आणि लहान थिएटरमध्ये नेऊन दार लोटलं. वायर चुकीच्या जागी खुपसली, मग बरोबर जागी. खिशातून फुगे काढले. रुग्णालयाचा एवढा मोठा माणूस खिशात फुगे घालून फिरत होता!

पहिला फुगा, फट्. दुसरा, फट्. तिसऱ्याला ते नुसते टोचतच राहिले, कारण तो त्यांना वाटत होता त्याहून चार बोटं मागे होता. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या झाकणावर पडला. चौथा फुटला तेव्हा दार उघडलं. डावरी उद्याच्या सामानाची तपासणी करायला आली होती. ती जागच्या जागी थबकली.

"ये," सर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "हसून घे आणि जा."

"हसत नाहीये, सर." ती जवळ आली. "टेबल उंच आहे. तुमचे खांदे वर जातायत." तिने टेबलाचा दांडा फिरवून ते खाली घेतलं. "आणि डावा हात नुसता धरून ठेवतोय. त्याने ताणा. ताणलं की उजव्याला फार काही करावं लागत नाही."

सरांनी ताणलं. केसभर चीर पडली. पाणी सांडलं नाही.

सरांनी चिमटे खाली ठेवले. मग सर म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी पोटं उघडतोय."

"माहीत आहे, सर. रक्त थांबवायला मी तुमच्याकडेच शिकले."

"ही दुर्बीण आली तेव्हा मी प्रमुख झालो होतो. प्रमुखाने चुकायचं कुणासमोर?"

डावरीने माझ्या झाकणावर हात ठेवला. "हिच्यासमोर, सर. ही कुणाला सांगत नाही."

आज मी सांगतेय, हे खरं. पण सर आता या जगात नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत धीट दुपार होती. ती झाकून ठेवणं मला पटत नाही.

निघताना डावरी दारात वळली. "सर, वही मी बदलणार नाही."

"बदल म्हटलं का मी?" सर खेकसले. मग आवाज खाली आला. "मंगळवारच्या यादीत एक अंडाशयाची गाठ आहे. तू करायची. मॅडम शेजारी उभ्या राहतील."

ती पेशंट शिवणकाम करणारी बाई होती. सोमवारी डावरी तिच्या पलंगापाशी गेली आणि खरं ते सगळं सांगितलं. बाईने विचारलं, "म्हणजे याआधी तुम्ही हे केलंच नाही?"

"माणसावर नाही. पेटीवर दोनशेच्या वर वेळा केलंय. मॅडम पूर्ण वेळ शेजारी असतील. तुम्ही नको म्हणालात, तर पहिल्यापासून त्याच करतील. मला राग येणार नाही."

बाई उठून बसली. मग म्हणाली, "बघू तरी ती पेटी."

डावरीने मला वॉर्डात आणलं. त्या बाईने मला मांडीवर घेतलं. मित्रांनो, तोवर माझ्यात हात घालणारे सगळे डॉक्टर होते. ज्यांच्यासाठी मी होते, त्यांच्यापैकी कुणाच्या मांडीवर मी पहिल्यांदाच बसले. तिने एका भोकात बोट घातलं, फिरवलं. "रबर सैल झालंय हो इथलं," ती म्हणाली. मग बोट बाहेर काढून, "मीसुद्धा वर्षभर चिंध्याच शिवल्या होत्या. माझ्या मामीने नव्या कापडाला हात लावू दिला नव्हता. करा तुम्ही. पण मॅडम हलता कामा नयेत तिथून."

ऑपरेशन मी पाहिलं नाही. मला आत नेत नाहीत. नंतर इनचार्ज सिस्टरनी सगळ्यांना जे सांगितलं ते मी ऐकलं. डावरीने गाठ जवळजवळ पूर्ण सोडवली, न फोडता. शेवटी मुळाशी रक्त येऊ लागलं. तिने चिमट्याने दाबून धरलं, एकदा प्रयत्न केला, थांबलं नाही. दुसरा प्रयत्न न करता ती थांबली आणि स्पष्ट म्हणाली, "मॅडम, इथून तुम्ही घ्या." मॅडम स्टूलावर चढल्या, दोन मिनिटांत रक्त थांबवलं आणि हत्यारं पुन्हा तिच्या हातात दिली. गाठ प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून तिने बाहेर काढली. "आणि सर?" कुणीतरी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "भिंतीला टेकून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्यासाठी तेच मोठं ऑपरेशन!"

बाई तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेली. जाण्याआधी तिने कुठूनसा रबराचा तुकडा मिळवून माझं सैल भोक आवळून दिलं.

डावरीने वहीत लिहिलं: 'गाठ मी सोडवली. रक्त मॅडमनी थांबवलं.' अशी नोंद त्या विभागात कुणी कधी केली नव्हती. सरांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. वर्षअखेरीस तिच्या रकान्यात सहाच ऑपरेशनं झाली. हवी होती दहा. सरांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सहा. सगळी खरी. शंका असल्यास मला बोलवा.' तिला परीक्षेला बसू दिलं आणि ती पास झाली. पुढच्या वर्षीपासून शिकणाऱ्या प्रत्येकीचं नाव यादीत येऊ लागलं, पण माझ्याकडे तयारी झाल्यावरच.

नंतर बरीच वर्षं गेली. एक मोठं यंत्र आलं. ते बोलतं, गुण देतं, पडद्यावर खोटं रक्तही दाखवतं. यंत्र चांगलं आहे. उगाच नावं कशाला ठेवू? पण त्याच्या खोलीला कुलूप असतं आणि त्याची वेळ आठवडाभर आधी मागावी लागते. ते आल्यावर मला टेबलाखाली सरकवलं. माझ्यावर फायली आल्या, चहाचे कप आले. चार वर्षं मी लोकांच्या पायांना लागत राहिले. तरी कुणी ना कुणी येऊन फायली बाजूला करायचं, झाकण उघडायचं, वाटाणे शोधायचं. तेवढ्यावर मी टिकले.

आता डावरी त्याच विभागात शिकवते. केसांत पांढरं दिसू लागलंय. परवा बैठकीत कुणीतरी सुचवलं, की मला स्वच्छ करून, रंग देऊन, प्रवेशद्वारापाशी काचेच्या कपाटात ठेवावं. खाली माझी माहिती लिहावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेतू चांगलाच होता. डावरी मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिला विचारायला हवं."

तर हे माझं उत्तर आहे. मला काचेचं कपाट नको. एकदा लोखंडी कपाटातून बाहेर आलेय, काचेच्या कपाटात जाणार नाही. त्यात माझ्यासमोर लोक उभे राहतील, हात जोडतील, फोटो काढतील आणि आत हात कुणी घालणार नाही. तो मान नव्हे, ती शिक्षा आहे. मला जपायचं असेल तर माझी रबरं बदला, दिव्याची पट्टी बदला, तळ मोडला तर नवी फळी ठोका. आणि मी अगदीच संपले तर माझ्या मापाची दुसरी करा. माझ्या लाकडाचा मला मोह नाही.

आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचं काम पत्करणार असेल, तर त्याने आधी माझ्याकडे यावं. हात थरथरला म्हणून परत जाऊ नये. सांडा, फोडा, पाडा, शंभरदा चुका. मी ओली होईन, मला ओरखडे पडतील, मी एक शब्द बोलणार नाही. कारण माझ्या पोटात केलेली चूक कुणालाही घरी नेऊन भोगावी लागत नाही.